युद्धकाळातली .३०३ काडतुसं आणि जुन्या लष्करी गाड्यांचे टायर : तुम्ही तारखा बघता का?

सह्यजीप

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधे केंटला राहतो. माझ्याकडे १९४४ ची फोर्डने बनवलेली जीप आहे (जीपीडब्ल्यू, विलीज कंपनीच्याच आराखड्यावरची), आणि आमच्या इथल्या ग्रुपमधे एक बेडफर्ड क्यूएल ट्रक पण आहे, तीन टनी, चारही चाकांना ताकद जाणारा, हे ट्रक १९४१ ते ४५ बनले. उन्हाळ्यात आम्ही या गाड्या मेळाव्यांना नेतो, मागे जुनी लाकडी पेटी, कापडी बँडोलियर (काडतुसांचा पट्टा), .३०३ ची म्हणजे ब्रिटिश लष्करी रायफलची रिकामी काडतुसं असं मांडतो, आणि लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक म्हणजे ही काडतुसं खरी आहेत का, आणि दुसरं म्हणजे एवढ्या जुन्या टायरवर रस्त्यावर यायला चालतं का.

दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या ग्रुपमधे सध्या जोरात वाद चाललाय म्हणून हा धागा. ब्रिटनमधे १ फेब्रुवारी २०२१ पासून नियम आलाय की साडेतीन टनांच्या वरच्या मालगाड्यांच्या पुढच्या स्टिअरिंग अॅक्सलवर आणि बस-कोचच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर चालणार नाही, मिनीबसला तर जिथे जिथे एकेरी चाक आहे तिथे सगळीकडे हा नियम. टायरवरची तारीख वाचता आली पाहिजे हेही त्यातच आहे. पण चाळीस वर्षांहून जुनी आणि धंद्यासाठी न वापरली जाणारी ऐतिहासिक गाडी असेल तर सूट. म्हणजे बेडफर्डला सूट मिळते, आणि जीप मुळात जेमतेम एक टनाच्या आसपास, तिला तो नियम लागूच होत नाही.

आता आमच्यातले काही जण म्हणतात सूट आहे ना मग कशाला खर्च, टायरची नक्षी अजून भरपूर आहे. मला हे अजिबात पटत नाही. हा नियम कुठून आला ते बघा. सप्टेंबर २०१२ मधे एका संगीत महोत्सवाहून परत येणारी कोच सरे परगण्यात ए-३ रस्त्यावर पुढचा टायर फुटून झाडावर गेली, तीन जण गेले, आणि तो टायर १९ वर्षांहून जुना निघाला. नक्षीच्या हिशोबात तो टायर कायदेशीर होता! मायकेल मोलॉय नावाचा मुलगा त्यात गेला, त्याच्या आई फ्रान्सिस मोलॉय यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे हा नियम झाला. तर इथे कोणाकडे जुन्या गाड्या असतील, लष्करातले, फॅक्टरीतले कोणी असतील तर लिहा. काडतुसांबद्दल पण लिहा कारण माझ्याकडच्या बऱ्याच केसच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) बुडावर केएफ असा शिक्का आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे ते आपल्या खडकीचं आहे.

खडकीचा_बाळू

वा सह्यजीप, मस्त विषय काढलात. केएफ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपली खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी, १८६९ ची. मी तिथेच नोकरी करून रिटायर झालो, आता ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमधे आहे, २०२१ च्या ऑक्टोबरमधे ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या त्यातली एक. बुडावर केएफ, सालाचे आकडे आणि रोमन सात असेल तर तो मार्क सातचा बॉल राउंड, म्हणजे साधी गोळी. फक्त के असेल तर ते बर्मिंगहॅमचं कायनॉक, लोक या दोघांत फार गल्लत करतात आणि विकणारे पण दोन्ही एकाच ढिगात ठेवतात.

तुमच्याकडे इंग्लंडात आरजी पण सापडतील, ते चेशरमधलं रॅडवे ग्रीन. जीबी असेल तर लीड्सचं ग्रीनवुड अँड बॅटली. कॅनडाचं डीएसी किंवा डीआय, ऑस्ट्रेलियाचं एमएफ, एमजी, एमएच वगैरे, न्यूझीलंडचं सीएसी. दक्षिण आफ्रिकेवर यू अक्षर. एकाच काडतुसासाठी अख्खं साम्राज्य कामाला लावलं होतं, ते नुसत्या बुडांकडे बघून कळतं.

मार्क सात १९१० साली आलं, गोळी १७४ ग्रेनची म्हणजे साधारण ११.३ ग्रॅम, वेग सेकंदाला २४४० फूट. गोळीच्या टोकात शिसं नसतं, तिथे अॅल्युमिनियम असतं, युद्धात धातूची ओढाताण झाली तेव्हा लाकडाचा लगदा किंवा कागद दाबून भरत. शिसं मागे, म्हणून वजन मागच्या बाजूला. आणि दारू म्हणजे पूड नाही, कॉर्डाइटच्या शेवया! उभ्या काड्यांची जुडी असते आत, ती अरुंद मानेतून जात नाही म्हणून आधी काड्या भरायच्या, वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि मग केसची मान आवळायची. बुडावर झेड असेल तर मात्र कॉर्डाइट नाही, नायट्रोसेल्युलोज पावडर.

अनघा_नाशिक

वाचतेय. सह्यजीप, बाळूकाका, एक विचारायचं होतं. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ड्रायव्हर होते, रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधे, ट्रक चालवायचे. घर आवरताना त्यांच्या ट्रंकेत पत्र्याच्या छोट्या पट्टीत अडकवलेली पाच काडतुसं मिळाली, गोळ्या लावलेल्याच आहेत, बुडावर केएफ आणि ४३. बुडाच्या मधल्या टिकलीवर (जिच्यावर बंदुकीची पिन आदळते) दोघांना खड्डा पडलेला दिसतो, तिघांना नाही. भाऊ म्हणतोय ज्यांना खड्डा आहे ती उडून गेलेली आहेत, शोकेसमधे ठेवूया. हे बरोबर आहे का?

खडकीचा_बाळू

अनघाताई, नाही. अजिबात नाही. हात लावू नका आता आणि भावालाही सांगा.

उडालेल्या काडतुसात गोळी राहतच नाही, ती नळीतून निघून गेलेली असते, मागे रिकामी केस पडते. खड्डा पण आहे आणि गोळी पण जागेवर आहे याचा अर्थ घोडा पडला, पिन आदळली पण काडतूस पेटलं नाही. म्हणजे ते मिसफायर, आतली दारू आणि टिकली दोन्ही जिवंत धरून चालायचं. ही दोन उलट जास्त वाईट. ड्रिल राउंड (सरावाचं नकली काडतूस) असतं तर केसच्या अंगावर उभ्या खोबणी असतात, काहींत लाल रंग भरलेला असतो, किंवा केसला आरपार भोक पाडलेलं असतं. तसं काही नसेल तर पाचही जिवंत.

कापायची नाहीत, गोळी उपटायची नाही, तेलात पाण्यात बुडवून निकामी होतात ही समजूत चुकीची आहे. उन्हात ठेवू नका, नदीत विहिरीत टाकू नका. ट्रंक आहे तिथेच राहू द्या आणि पोलिस स्टेशनला स्वतः जाऊन सांगा, फोटो दाखवा, काडतुसं पिशवीत घालून नेऊ नका.

तेजू_वकील

बाळूकाकांना जोरदार अनुमोदन, आणि कायद्याची बाजू सांगते. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे नुसतं काडतूस बाळगायलाही परवाना लागतो, बंदूक नसली तरी. त्यात .३०३ हे प्रतिबंधित बोअरमधे (सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापात) येतं त्यामुळे साध्या परवान्यावरही ते बसत नाही. कोर्टांनी अनेकदा म्हटलंय की माहिती असून, जाणून ताबा असेल तरच गुन्हा, विमानतळावर बॅगेत विसरलेलं एखादं काडतूस सापडलं अशा बऱ्याच केसेस हायकोर्टात रद्द झाल्यात. पण अनघा, तुला आता माहिती झालंय! म्हणून उशीर करू नकोस, लेखी अर्ज दे, आजोबांच्या नोकरीचे कागद असतील तर जोड, आणि अर्जाची पोच घे. स्वतःहून कळवणाऱ्या माणसाची बाजू फार वेगळी असते.

परदेशातल्या मंडळींना पण सांगते, जिवंत असो की रिकामं असो, काडतूस हे विमानाच्या सामानात घालून भारतात आणू नका, आठवण म्हणून तर नकोच. रिकाम्या केससाठी कलम ४५ मधली सूट देणारी तरतूद वाचून दाखवता येते पण ती नंतर, वकिलामार्फत. तोपर्यंत विमान गेलेलं असतं आणि एफआयआर झालेला असतो.

सह्यजीप

तेजूताई धन्यवाद, हे फार लोकांना माहीत नसतं. इंग्लंडमधे जिवंत .३०३ ला फायरआर्म सर्टिफिकेट लागतं (१९६८ चा कायदा), चिलखत भेदणारी आणि आग लावणारी तर त्याच कायद्याच्या कलम ५ खाली, म्हणजे सामान्य माणसाला बंदच. म्हणून टिकलीभोवतीचा रंग बघायची सवय लावून घ्या, जांभळा साधी गोळी, लाल ट्रेसर (मागे उजेडाची रेघ सोडणारी), हिरवा चिलखतभेदी, निळा आग लावणारी. जुन्या पेट्यांत मिसळलेली असतात. रंग उडालेला असतो हेही आहेच, त्यामुळे रंग नाही म्हणजे साधी असं मानू नका.

आम्ही मेळाव्यात फक्त उडालेल्या केस ठेवतो, त्यात निष्क्रिय गोळी बसवलेली आणि केसला भोक पाडलेलं, म्हणजे बघणाऱ्याला, पोलिसाला लांबूनच कळतं. बँडोलियरमधे पाच खिसे, प्रत्येकात पाचच्या दोन पट्ट्या, एकूण पन्नास. लहान मुलं हात लावतातच, लावायलाच पाहिजे, त्यासाठीच मांडतो आपण.

किरण_लीड्स

धागा मस्त चाललाय. मी इथे रायफल क्लबला जुनी ली-एनफील्ड (.३०३ ची ब्रिटिश रायफल) चालवतो, सर्टिफिकेटवर. युद्धकाळातलं काडतूस मिळालं तरी मी ते झाडत नाही, संग्रहात ठेवतो. दोन कारणं. टिकलीत पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून मीठ उरतं, मीठ तेलाने निघत नाही, पाण्यानेच विरघळतं, त्यामुळे नळीतून गरम पाणी ओतून धुवावं लागतं, ते नाही केलं तर नळी गंजते. दुसरं म्हणजे हँगफायर, घोडा दाबला आणि आवाज नाही, मग क्षणभराने उडतं, तोवर माणसाने बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडला तर काय होईल विचार करा. म्हणून क्लबात नियम आहे की नाही उडालं तर नळी टार्गेटकडे धरून तसंच थांबायचं.

बरं, एक प्रश्न. माझ्याकडच्या काही जुन्या केसना मानेपाशी बारीक उभ्या चिरा आहेत, न वापरता. हे कशामुळे?

खडकीचा_बाळू

किरण, हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर आपल्याच मातीतलं आहे. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं तबेल्याजवळ साठवली की पावसाळा संपेस्तोवर पितळेला चिरा पडलेल्या असायच्या. लोकांना वाटायचं हवा दमट आहे म्हणून. १९२१ च्या सुमाराला शोध लागला की घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत येतो, आणि केसची मान आवळताना पितळात जो ताण राहिलेला असतो त्या ताणावर अमोनिया काम करतो आणि पितळ फाटतं. ताण नसेल तर नुसता अमोनिया तेवढं करत नाही, अमोनिया नसेल तर नुसता ताण करत नाही. दोन्ही पाहिजेत.

उपाय म्हणून मान हलकी तापवून ताण काढतात. लष्करी केसच्या मानेवर तपकिरी-निळसर झाक दिसते ना, ती त्या तापवण्याची. ती पुसून चकचकीत करू नका, पॉलिश तर अमोनियावालं असतं बऱ्याचदा.

टायरवाला_कोल्हापूर

बाळूकाका हे वाचून मी उडालोच, कारण टायरचं डिट्टो हेच आहे! माझं टायरचं दुकान आहे, वडिलांपासून. रबराला पण ताण आणि ओझोन दोन्ही एकत्र आले की चिरा पडतात. गाडी उभी असते, टायरची बाजू खाली फुगलेली, तिथे रबर ताणलेलं, हवेतला ओझोन तिथेच चावतो. टायरच्या रबरात मेण घातलेलं असतं, टायर फिरत राहिला की ते मेण बाहेर येऊन वर पातळ थर धरतं आणि ओझोनला अडवतं. गाडी उभीच राहिली तर मेण बाहेर येतच नाही. म्हणून रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा शेडमधे झाकून ठेवलेल्या गाडीचा टायर आधी फाटतो, आणि नक्षी अगदी नवी दिसते. गिऱ्हाईक येऊन म्हणतं अहो गोटा (नक्षी जाऊन गुळगुळीत) नाही झाला अजून. गोटा व्हायची वाट बघू नका, जुन्या गाडीचा टायर झिजून मरत नाही तो वयाने मरतो.

तारीख कशी वाचायची ते लिहितो. टायरच्या बाजूवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे, ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा, दुसरं काही बघायचंच नाही, काढून टाका. आणि आतल्या बाजूने पण बघा, बऱ्याच वेळा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत घातलेली असते. सह्यजीप, तुमच्या बेडफर्डवाल्यांना सांगा की चाक काढून आतली बाजू बघा मग वाद घाला.

सह्यजीप

टायरवाले दादा, हे मी तसंच्या तसं आमच्या ग्रुपला सांगणार आहे. आणि युद्धकाळातलं एक, १९४२ मधे जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचं जवळजवळ ९० टक्के नैसर्गिक रबर तुटलं, तिथे तर सगळ्यात आधी रेशनिंग टायरचंच झालं, जानेवारी ४२ मधे. मग सरकारी कारखान्यांतून जीआर-एस नावाचं कृत्रिम रबर काढलं. आत दोरे कापसाचे. अशा मूळ टायरवर एखादी गाडी मिळाली तर टायर काढून म्युझियममधे ठेवावा, तो ऐवज आहे, पण रस्त्यावर त्यावर एक मैलही जाऊ नये. जीपसाठी ६.००-१६ मापाचे त्याच जुन्या नक्षीचे, दोन्ही दिशांना सारखे चालणारे टायर आज नवीन बनून मिळतात, त्यामुळे दिसण्याचं कारण सांगायची गरजच उरलेली नाही.

बाकी नियम जुन्या गाडीलाही आहेतच बरं का. जीपला नक्षी १.६ मिमी पाहिजे, मधल्या तीन चतुर्थांश पट्ट्यात, ट्रकला १ मिमी. फुगवटा नको, दोरा दिसेल इतका खोल काप नको. आणि पुढे रेडियल मागे क्रॉसप्लाय (आतल्या दोऱ्यांच्या रचनेचे दोन वेगळे प्रकार) असं मिसळायचं नाही, बंदी आहे त्याला. सूट आहे ती दहा वर्षांच्या नियमाला आणि ठराविक गाड्यांना वार्षिक चाचणीतून. हे लोक सूट शब्द ऐकतात आणि सगळ्यालाच लावतात. शिवाय कोणी बेडफर्ड लग्नाला किंवा शूटिंगला पैसे घेऊन दिला तर धंदा झाला, मग दहा वर्षांची सूट पण गेली.

रोहन_सासवड

आपल्याकडे काय आहे नियम? माझ्या मामांकडे लष्कराच्या डिस्पोजलमधे (जुना माल विकतात त्यात) घेतलेली जुनी विलीज आहे, पन्नासच्या वर वय, रस्त्यावर आणायचीय.

तेजू_वकील

रोहन, जुलै २०२१ मधे केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम काढले. दोन आणि चार चाकी, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात, मोठा बदल न केलेली. नंबरमधे राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नवीन नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं चालते, नंतर परत नोंदणी ५,०००. पण रोज भाजी आणायला नाही वापरता येत. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यासाठीच, आणि धंद्यासाठी तर नाहीच. जीप बघून लग्नाच्या वरातीला मागायला लोक येतील, मामांना आधीच सांग.

टायरवाला_कोल्हापूर

रोहन, टायरचं मी सांगतो. मामांच्या जीपला ६.००-१६ आपल्याकडे सहज मिळेल पण नीट बघून घे, कारण त्याच मापाचा ट्रॅक्टरचा पुढचा टायर बाजारात भरपूर आहे, स्वस्त आहे, आणि कोणीतरी तोच गळ्यात मारतो. त्याच्यावर लांबीने तीन पट्टे असतात आणि बाजूवर ए६ किंवा ए८ लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटरपर्यंतचाच. दिवे घाटातून जीप खाली येताना तो टायर नको बाबा. जीपचा, एलसीव्हीचा (हलक्या मालगाडीचा) म्हणून बनलेला क्रॉसप्लाय घे, आयएसआय शिक्का बघ. बाहेरून मागवायचा विचार असेल तर जून २०२० पासून टायर आयात परवान्याशिवाय होत नाही, त्यामुळे कुरिअरने आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. लष्करी जीपला काही वेळा दोन भागांची कॉम्बॅट रिम असते, नटांनी जोडलेली. हवा भरलेली असताना ते नट सैल केले तर रिमचे दोन तुकडे तोफेच्या गोळ्यासारखे सुटतात, माणसं मेली आहेत असं करताना. ब्रिटिश गाड्यांवर हे नट लाल रंगवायचे ते याचसाठी. आधी व्हॉल्व्हचा गाभा काढायचा, हवा पूर्ण गेली खात्री करायची, मग नट. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने अशी रिम बघितलेली नसते, त्याला दोष नाही, पण चाक त्याच्याकडे टाकून चहाला जाऊ नका. लॉक रिंगवाली ट्रकची चाकं असतील तर हवा लोखंडी पिंजऱ्यातच भरायची, म्हणजे रिंग सुटली तरी अडते.

अनघा_नाशिक

अपडेट देते. काल पोलिस स्टेशनला जाऊन आलो, मी आणि भाऊ. अर्ज दिला, फोटो दाखवले, आजोबांचं डिस्चार्ज पुस्तक जोडलं. ते घरी येऊन पंचनामा करून काडतुसं घेऊन गेले, पोच दिली. नीट बोलले. पत्र्याची रिकामी पट्टी मागितली तर म्हणाले चौकशीनंतर अर्ज करा, बघू. बाळूकाका, त्या पट्टीत काडतुसांची बुडं एक वर एक खाली अशी बसवलेली होती, ते मुद्दाम असतं का?

खडकीचा_बाळू

छान केलंत ताई. हो, मुद्दाम. .३०३ च्या बुडाला कड असते बाहेर आलेली, कडा एकमेकींत अडकल्या तर मॅगझिनमधे ढकलताना काडतूस अडतं. म्हणून खाली वर खाली वर खाली, मग पट्टी कुठल्याही बाजूने लावली तरी चालते. आजोबांनी भरली असेल तर त्यांना नीट शिकवलेलं होतं.

सह्यजीप

अनघाताई, पट्टी मिळाली तर तिच्यावरची अक्षरं इथे लिहा, बनवणाऱ्याची खूण असते. आणि आमच्याकडचं सांगतो, बेडफर्डची पुढची दोन्ही चाकं काढली, आतल्या बाजूला कोड निघाला, तीन आकडी. आता वाद संपला, मापाचे नवीन टायर, ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) तिन्ही मागवलेत. टायरवाले दादा, जुना फ्लॅप चांगला दिसतोय, तो परत वापरू का?

टायरवाला_कोल्हापूर

नको. जुन्या फ्लॅपची कड कडक झालेली असते, ती नव्या ट्यूबला घासून कापते. तिन्ही नवीन घाला, ट्यूबला बाहेरून टाल्कम पावडर लावा, रिमचा गंज आधी घासून काढा, आणि बसवून झाल्यावर एकदा भरलेली हवा पूर्ण सोडून परत भरा म्हणजे ट्यूबला पडलेली घडी निघते.